एका खिळ्यावरचा बाण

अहो, थांबा जरा! उजवीकडे की डावीकडे म्हणून मान वाकडी करताय ना? वर बघा. नाही, तो दिव्याचा खांब झाला. त्याच्या शेजारचा, लाकडी. हां, मीच तो. मी बाण बोलतोय. धनुष्यातला नव्हे, तेवढं आमचं नशीब कुठलं! मी तिठ्यावरचा, पाटीवर रंगवलेला लाल बाण. माझ्यावर एक अक्षरही लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याचीही एक गंमत आहे. घाई नसेल तर सांगतो. घाई असलेली माणसं या बाजूला येतच नाहीत म्हणा.

मी काही जन्मापासून बाण नव्हतो. आधी मी कपाटाचं दार होतो. मामा-मामींच्या घरात पुढच्या खोलीत एक भांड्यांचं कपाट आहे, त्याचं डावं दार म्हणजे मी. मामा-मामी म्हणजे नवरा-बायको. ते खरं तर कुणाचेच मामा-मामी नव्हेत, पण ज्यांच्या हातचं खायचं त्यांना नात्याने हाक मारायची लोकांना सवयच असते. त्या दोघांनी पुढच्या खोलीत खानावळ काढली. चार टेबलं, त्यांवर फुलाफुलांचं मेणकापड आणि रस्त्याकडे उघडणारं एक दार. त्या दाराला मामींनी स्वतःच्या हाताने हिरवा रंग दिला होता. रंग वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही, मामांनाही मागच्या अंगणातून ये-जा करायला लावलं.

उद्‌घाटनाला मामींनी आपल्या थोरल्या बहिणीला बोलावलं. पहिला घास तिनेच खायचा, असं मामींनी मनाशी पक्कं केलं होतं. या ताईंचा स्वभाव मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. ताईंना कुणी ‘बसा’ म्हटलं की त्या उभ्या राहणार. ‘आभाळ स्वच्छ आहे, छत्री कशाला?’ म्हटलं की छत्री घेऊनच निघणार. वाईट बाई नाही हो. फक्त दुसऱ्याने सांगितलेलं ऐकायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा यायचा.

मामींनी भोपळ्याचं सूप वाढलं. तव्यावर भाजलेला पाव ठेवला. ताईंनी एक चमचा तोंडात घातला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “मीठ कमी आहे.”

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या ताई कसल्या! खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, “आणि या आडबाजूला खानावळ? इथे कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही.”

“मग तूही फिरकू नकोस,” मामी म्हणाल्या.

ताई उठल्या, हिरव्या दारातून ताठ मानेने निघून गेल्या. मामींनी बशी ठेवायला कपाट उघडलं आणि मला असं काही आपटलं की बिजागरी तुटून मी जमिनीवर. माझी काय चूक होती, सांगा! पण राग असाच असतो, जवळ असेल त्याच्यावर निघतो. त्या दिवसापासून दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. आणि मी भिंतीला टेकून उभा राहिलो, कामाविना.

कुत्रं फिरकलं, माणूस फिरकेना. एकच नियमित गिऱ्हाईक, ते म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. दुपारच्या ठोक्याला यायचे, दाराजवळच्या टेबलावर बसायचे, सूप संपवून “बरं आहे” म्हणायचे. बाकी टेबलांवर माश्या. शेवटी मामांच्या डोक्यात आलं की पाटी लावायची. भिंतीला टेकलेला मी त्यांच्या नजरेला पडलो आणि त्यांनी मला काखेत मारून पाट्या रंगवणाऱ्याकडे नेलं.

तो रंगारी मोठा कलावंत माणूस. “आधी बाण काढतो, मग नाव घालतो,” म्हणाला. बाण काढता काढता त्याला असा काही रंग चढला की विचारू नका. शेपूट काय, टोक काय, कडेला पिवळी रेघ काय! काम संपलं तेव्हा नाव लिहायला बोटभर जागा उरली नव्हती.

“अहो, पण हा बाण कशाकडे, ते कुणाला कसं कळणार?” मामांनी विचारलं.

“कळायला कशाला पाहिजे?” रंगारी म्हणाला. “बाण इतका झकास आहे की लोक बघायला येतील. आले की जेवतील.”

मामांना ते पटलं. मामांना सगळंच पटतं, हा त्यांचा गुणही आहे आणि दुखणंही. त्यांनी मला या तिठ्यावर आणलं, खांबावर ठेवलं आणि मधोमध एक खिळा ठोकला. दोन ठोकायला हवे होते. शेजारी बसणारा पंक्चरवाला म्हणालासुद्धा, “मामा, एकावर गरगर फिरेल की तो.” मामा म्हणाले, “एक पुरे. हलकाच आहे.” तेव्हापासून माझं सगळं आयुष्य त्या एका खिळ्यावर चाललंय.

आता जागा नीट समजून घ्या. बस थांबते त्या बाजूने रस्ता येतो आणि माझ्यापाशी फुटतो. उजवीकडे वळलं की हाकेच्या अंतरावर हिरवं दार. डावीकडे वळलं की उतार, मग तळं, तळ्याकाठचं लव्हाळं, बंद पडलेली वीटभट्टी, गुडघाभर चिखल, आणि एवढं सगळं झाल्यावर तो रस्ता फिरून फिरून मामांच्याच मागच्या अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी येऊन संपतो. म्हणजे कुठूनही गेलात तरी पोचता तिथेच. हे लक्षात असू द्या, कारण पुढे माझ्यावर खोटेपणाचा आळ आलाय. मी खोटं कधी बोललो नाही. फार तर लांबचं खरं बोललो.

मी मन लावून उजवीकडे दाखवत होतो. ऊन म्हटलं नाही, वारा म्हटला नाही. लोक बसमधून उतरायचे, माझ्याकडे बघायचे, “काय सुरेख बाण आहे!” म्हणायचे आणि आपापल्या घरी निघून जायचे. कुणालाही वाटलं नाही की बाण दाखवतो तिकडे जाऊन बघावं.

मग एक दिवस एका गाईने माझ्या खांबाला पाठ घासली. गाईला खाज सुटली होती, तिचा तरी काय दोष! पण मी गर्रकन फिरलो आणि माझं टोक तळ्याकडे झालं. नेमका त्याच दिवशी टोपीवाला आला.

टोपीवाल्याचा धंदा म्हणजे कुणाला माहीत नसलेल्या जागा शोधायच्या आणि त्या सगळ्यांना सांगायच्या. डोक्यावर ही एवढी टोपी, पाठीवर बोचकं, हातात फोन. माझ्याकडे बघून तो हरखलाच. “नुसता बाण! नाव नाही, गाव नाही! हेच तर मी शोधत होतो!” असं फोनलाच सांगत तो तळ्याकडे चालू पडला.

सकाळचा गेलेला माणूस दुपार कलल्यावर खुराड्यातून बाहेर आला. टोपीत लव्हाळं, पायांत चिखल, पोटात कावळ्यांची सभा भरलेली. मामींनी त्याला स्वयंपाकघरातच बसवून सूप दिलं. तो जेवला आणि रडला. फोन समोर धरून म्हणाला, “मित्रांनो, ही जागा सापडत नाही. ही जागा माणसाला हरवूनच मिळते. आणि हे सूप! असं सूप मी जन्मात प्यायलो नाही!” अहो, एवढी पायपीट केल्यावर त्याला कुणी कोमट पाणी दिलं असतं तरी तो हेच म्हणाला असता. पण हे मी आपलं तुम्हाला सांगतोय, मामींच्या कानावर जाऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवसापासून बसमधून झुंबड उतरायला लागली. मामा धावत आले, बाण उलटा झालेला बघून कपाळावर हात मारला आणि मला सरळ केलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आता माझ्या सांगण्यावरून माणसं खरोखर चालणार होती. पहिलं जोडपं माझ्याकडे बघून उजवीकडे वळलं आणि लगेच परत आलं.

“हे काय, रस्त्यावरच आहे!” नवरा म्हणाला. “एवढं सोपं असतं तर घरीच जेवलो असतो.”

“मला वाटलंच होतं,” बायको म्हणाली. “तुला काही नीट हरवता येत नाही.”

मामांना हे लगेच पटलं. त्यांनी मला धरून पुन्हा तळ्याकडे वळवलं. मी खिळ्यावर कुरकुरलो, पण बाणाचं कोण ऐकतो!

एकदा सुरू झालं की मामांना थांबणं माहीत नाही. तिठ्यावरून हिरवं दार दिसू नये म्हणून त्यांनी इस्त्रीवालीला गळ घातली. तिने धुतलेल्या चादरी रोज माझ्या समोरच्या कुंपणावर वाळत घालायला सुरुवात केली. मला आपली दोन चादरींच्या फटीतून दाराची पट्टी तेवढी दिसायची. पंक्चरवाल्याला पढवून ठेवलं, कुणी खानावळ विचारली की आधी “ऐकली नाही बुवा” म्हणायचं आणि मग डोकं खाजवत डावीकडे बघायचं. हिरवं दार आतून बंद केलं आणि त्याला माझं ते जुनं कपाट टेकवून ठेवलं, म्हणजे चुकून कुणी थेट आत यायला नको. बिचाऱ्या घड्याळवाल्या आजोबांना खिडकीतून आत घ्यावं लागे. शिवाय पाहुणे असले की त्यांनी हरवल्यासारखा चेहरा करायचा, अशी मामांची अट. आजोबा सूप पिता पिता मध्येच दचकून विचारायचे, “आपण नक्की कुठे आहोत?” लोक खूश व्हायचे.

बघता बघता वर्षं गेली आणि रांग इतकी वाढली की खुराड्यापासून वीटभट्टीला वळसा घालून, तळ्यावरून, उतार चढून ती माझ्या पायापर्यंत आली. रांगेतला शेवटचा माणूस कुंपणाला टेकून उभा असायचा. चादर उचलली असती तर त्याला समोरच हिरवं दार दिसलं असतं. आणि तो शेजारणीच्या कानात कुजबुजायचा, “ही जागा फारशी कुणाला माहीत नाही बरं का. कुणाला सांगू नका.” ती म्हणायची, “छे हो!” आणि लगेच फोन काढून चार मैत्रिणींना कळवायची.

तक्रारीही यायच्या. एक गृहस्थ रागावून मामांना म्हणाले, “आम्ही जेमतेम हरवलो. शेजारच्या काकांना मात्र भरपूर हरवलंत.” मामांनी त्यांची माफी मागितली, त्यांना परत बाहेर काढलं आणि तळ्याभोवती आणखी एक फेरी मारून आणलं. ते गृहस्थ तृप्त होऊन जेवले. असा सगळा मूर्खांचा बाजार, आणि त्याच्या तोंडाशी पाटी म्हणून मी.

एकटी मामी खूश नव्हती. हो, आता मी मामीला एकेरीत बोलतोय, कारण ती माझ्यापाशी येऊन रडली होती, आणि रडलेल्या माणसाला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही. त्या संध्याकाळी ती पंक्चरवाल्याच्या बाकावर बसली आणि म्हणाली, “माझं सूप कुणी चाखतच नाही रे. सगळे आपला चिखल चाखतात आणि सुपाला नावाजतात. माझ्या हातचं खायला म्हणून समोरच्या दारातून एक माणूस आला असता ना, तर मी भरून पावले असते.”

“आजोबा येतात की,” पंक्चरवाला म्हणाला.

“ते खिडकीतून येतात,” मामी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. “आणि मला जी यायला हवी, ती येत नाही.”

ती कोण, हे पंक्चरवाल्याला कळलं नाही. मला कळलं. मी त्या दिवशी कपाटाला होतो.

आणि बघा, थोड्याच दिवसांत ताईंचा फोन आला. ताईंनी गावोगावच्या लोकांसारखाच टोपीवाल्याचा तो प्रताप फोनवर पाहिला होता. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. “उद्या येतेय. बघते काय एवढं,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मामी तिठ्यावर आली तेव्हा तिचा श्वास पुरत नव्हता. मागोमाग मामा. “उद्या खानावळ बंद,” ती म्हणाली. “ताई समोरच्या दारातून आत येईल, टेबलाशी बसेल आणि पाहुण्यासारखी जेवेल. खुराड्यातून नाही. माझी बहीण कोंबड्यांच्या घाणीतून आली तर मी आयुष्यात पुन्हा चूल पेटवणार नाही. कळलं?”

“कळलं,” मामा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

मग काय धावपळ! कपाट बाजूला झालं. हिरवं दार इतके दिवस बंद राहून फुगलं होतं, ते मामांनी खांदा लावून उघडलं आणि दारासकट बाहेर येता येता वाचले. मला उजवीकडे वळवून मामांनी खिळ्याशेजारी लाकडाची एक चीप ठोकली, म्हणजे वाऱ्याने फिरू नये. पंक्चरवाल्याची तालीम सुरू झाली.

“खानावळ कुठे आहे?” मामीने विचारलं.

“ऐकली नाही बु... नाही, नाही! खानावळ ना? उजवीकडे,” असं म्हणून त्याने डावा हात वर केला. “मामी, तोंडात बसत नाही हो. खरं बोलायची सवय गेली.”

संध्याकाळपर्यंत त्याची तालीम चालली. चादरी मात्र राहिल्या. इस्त्रीवाली म्हणाली, “आजच्या ओल्या आहेत, काढून काय डोक्यावर घेऊ?” तिचंही बरोबर होतं. मामी म्हणाली, “असू देत. बाण सरळ आहे ना, मग झालं.” माझी छाती फुगली. मला छाती नाही, पण फुगली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसमधून ताई उतरल्या. आभाळ स्वच्छ होतं आणि हातात छत्री होती, म्हणजे माणूस तेच. केस पिकले होते, चालीत जरा जडपणा आला होता, बाकी सगळं होतं तसंच. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी जीव तोडून उजवीकडे दाखवत होतो.

पंक्चरवाला उठून उभा राहिला आणि तोंडभरून हसला. तिथेच घोळ झाला.

“खानावळ ना ताई? ही काय, उजवीकडे! चादरींच्या पलीकडे हिरवं दार. समोरच!”

ताईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “समोरच?”

“हाकेच्या अंतरावर.”

“अरे, अख्ख्या जगाला माहीत आहे की ती जागा सापडत नाही. माणसं दिवसदिवस हिंडतात. आणि तू मला सांगतोस समोरच? मी काय आज जन्मले?” मग माझ्याकडे छत्री रोखून म्हणाल्या, “आणि हा बाण बघा कसा नटून उभा आहे! नक्कीच माणसांना भलतीकडे पाठवायला लावलाय.”

आणि त्या वळल्या डावीकडे.

अहो, मी किती ओरडलो! पण लाकूड ओरडलं की माणसांना ते नुसतं कुरकुरल्यासारखं ऐकू येतं. पंक्चरवाला हातातली ट्यूब टाकून मागे धावला. “ताई, देवाशपथ खरं सांगतोय!” ताई म्हणाल्या, “आणखी एक शब्द काढलास तर छत्री मोडेन तुझ्या पाठीवर.” तो परत आला, धपकन बाकावर बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. इतकी वर्षं मी आडवळणाने सांगत होतो तर माणसं माझ्या मागून धावत होती. ज्या दिवशी सरळ सांगितलं, त्या दिवशी मलाच लबाड ठरवलं. मी मनातून पार खचलो.

थोड्या वेळाने मामी आली. नवा एप्रन, केस नीट बांधलेले. “बस आली का रे?”

“आली.”

“ताई उतरली?”

“उतरल्या.”

“मग?”

पंक्चरवाल्याने मान खाली घातली. “गेल्या,” म्हणाला.

बाकीचं सांगायचा त्याला धीर झाला नाही. मामीला वाटलं, ताई इथवर आली आणि उलट पावली परत गेली. तिने एप्रनची गाठ सोडली, पुन्हा बांधली आणि घराकडे गेली. मामांना पंक्चरवाल्याने गाठून खरं काय ते सांगितलं, तर मामा म्हणाले, “अरे बाप रे,” आणि मामीला सांगण्याऐवजी खुराड्यामागे जाऊन लपले. असले आमचे शूरवीर.

फटीतून मला हिरव्या दाराची पट्टी दिसत होती. मामी दारात उभी होती. ताई परत गेली असं तिला वाटत होतं, तरी उभी होती. मधूनच आत जाऊन सूप गरम करायची आणि परत येऊन रस्त्याकडे बघत राहायची. ऊन उतरलं, पिवळं झालं. इस्त्रीवाली चादरी काढायला आली, मामीला तसं बघून चादरी तशाच ठेवून परत गेली.

तेवढ्यात मागच्या अंगणात कोंबड्यांचा एकच कल्लोळ झाला. मामी हलली नाही, तिला त्या आवाजाची सवय होती. मग तिच्या खांद्यावरून मला आतल्या खोलीत कुणीतरी येताना दिसलं. एका पायात चप्पल, दुसरा पाय नुसता चिखल. छत्रीचं हाडन्‌हाड मोकळं. केसांत पीस, आणि काखेत आमच्या खुराड्यातली एक लंगडी कोंबडी.

ताई मामीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कोणाची वाट बघतेस?”

मामीने वळून बघितलं. म्हणाली तर काय, “तू त्या दारातून आलीस?”

“मग कुठून येणार? तळ्यात एक चप्पल गेली. ही कोंबडी भट्टीपासून मागे लागलीये. आता बसू देतेस की उभीच मारतेस?”

कुणी ‘बसा’ म्हटलं नव्हतं, म्हणून असेल, ताई आपण होऊन बसल्या. मामीने सूप वाढलं. ताईंनी वाटी उचलून तोंडालाच लावली. दुसरी मागितली. तिसरी मागितली नाही, नुसती वाटी पुढे केली. मामी समोर उभी राहून बघत होती. मग ताईंनी तोंड पुसलं.

“मीठ कमी आहे.”

“माहीत आहे,” मामी म्हणाली.

“तेव्हाही कमी होतं.”

“तेव्हाही माहीत होतं. तू गेल्यावर चाखलं मी.”

“मग इतकी वर्षं घालत का नाहीस, बाई?”

“तू येशील आणि सांगशील म्हणून,” मामी म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. “घातलं असतं तर तुला बोलायला काय उरलं असतं?”

ताईंनी कोंबडी खाली ठेवली. “बावळट कुठली,” म्हणाल्या आणि धाकट्या बहिणीला चिखलासकट जवळ घेतलं. “मला रोज तुझी आठवण यायची गं. तू ‘फिरकू नकोस’ म्हणालीस ना, तेव्हाच उलट वळून यायला हवं होतं. एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात कुणाची ऐकली.”

पंक्चरवाला माझ्या खांबाला धरून हमसून हमसून रडत होता. खांब हलत होता, म्हणजे थोडासा मीही.

शेवटच्या बससाठी ताई निघाल्या त्या हिरव्या दारातून, मामीच्या चपला घालून. चादर बाजूला केली आणि थेट माझ्यासमोर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. वळून दाराकडे बघितलं. दारातून मामी हात हलवत होती.

“एवढंच अंतर?” ताई म्हणाल्या.

“मी सांगत होतो,” पंक्चरवाला पुटपुटला.

ताईंनी मोडक्या छत्रीचा असा तडाखा मला दिला की मामांची ती चीप उडून पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या घमेल्यात पडली आणि मी गरागरा फिरायला लागलो. मी थांबेपर्यंत त्यांचा राग गेला होता. मामीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “बरं झालं पण. समोरून आले असते तर ताठच राहिले असते. एक चमचा खाल्ला असता, नाक मुरडलं असतं आणि निघाले असते. फिरून फिरून पार मोडले, म्हणून तुझ्यापाशी बसले.”

तेव्हापासून खिळा सैल झालाय तो झालाय. आता मला कुणी सरळ करत नाही आणि उलटंही करत नाही. वारा फिरेल तसा मी फिरतो. कधी माणसं लगेच पोचतात, कधी अंधार पडायच्या आत कशीबशी पोचतात. मामीने दोन्ही दारं उघडी ठेवली आहेत. आजोबा पुन्हा दारातून येतात, पण दचकायची सवय काही जात नाही. मध्यंतरी टोपीवाला परत आला होता, या खेपेस समोरून. सूप प्यायला आणि म्हणाला, “तेव्हा जास्त चांगलं लागलं होतं.” मामी म्हणाली, “तळ्याला एक फेरी मारून या, तोवर गरम करून ठेवते.”

आणि ताई? ताई आता दर महिन्याला येतात. पुढच्याच खेपेची गोष्ट. बस यायच्या वेळी वारा असा सुटला की माझं टोक तळ्याकडे झालं. ताई उतरल्या, माझ्याकडे बघून फिस्सकन हसल्या. “मला शिकवतोस होय रे?” म्हणाल्या आणि मी दाखवलं त्याच्या बरोब्बर उलट, उजवीकडे गेल्या. फटीतून मी बघितलं. हिरव्या दारातून माझ्या ताई आत शिरल्या, इतक्या वर्षांनी! आणि दारात स्वागताला कोण? कुणीच नाही.

कारण मामी मागे, खुराड्यापाशी. बादलीत गरम पाणी, खांद्यावर टॉवेल, हातात कोरड्या चपला. मामा शेजारी कोंबड्या आवरत. दोघंही तळ्याच्या रस्त्याकडे डोळे लावून. तिथलं मला दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

“कोणाची वाट बघतेस?” मागून ताईंचा आवाज आला. बादली उपडी झाल्याचा आवाज झाला, आणि मग दोघी बहिणी अशा काही हसत सुटल्या की कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

तर अशी माझी गोष्ट. रंग उडालाय, पिवळी रेघ तर नुसती आठवणीपुरती आहे. खिळा एखाद्या वादळात सुटेल आणि मी पडेन, मग मामी मला पुन्हा कपाटाला लावेल की चुलीत घालेल, कोण जाणे. आत्ता वारा कुठला आहे, मलाच कळत नाही, तेव्हा माझं ऐकायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. कुठूनही गेलात तरी पोचाल. फक्त भूक घेऊन जा, आणि हात जोडून एक विनंती करतो. सुपात मीठ अजूनही कमीच असतं. तुम्ही निमूट प्या, मामीला सांगू नका. ते सांगायचा मान ताईंचा आहे.